दुर्मिळ क्षय आणि सममितीभंग : प्रायोगिक अभ्यास

अस्थिर अणुकेंद्रक किंवा मूलकण आपोआप दुसऱ्या कणांत रूपांतरित होतो, त्याला क्षय म्हणतात. एकाच कणाला क्षयाचे अनेक मार्ग असतात आणि प्रत्येक मार्गाचा वाटा ठरलेला असतो. ज्या मार्गाचा वाटा लाखात, अब्जात किंवा त्याहूनही कमी प्रमाणात असतो तो दुर्मिळ क्षय. आरशातली प्रतिमा (समता, पी), कणाच्या जागी प्रतिकण (प्रभार-संयुग्मन, सी) आणि काळाची उलट दिशा (कालोत्क्रमण, टी) या तीन बदलांपैकी एखादा केल्यावर निसर्गाचे नियम जसेच्या तसे राहिले नाहीत, तर त्याला सममितीभंग म्हणतात. हे दोन विषय एकत्र अभ्यासले जातात, कारण क्षय दुर्मिळ असण्यामागे बहुधा एखाद्या सममितीने घातलेला निर्बंध असतो. तो निर्बंध किती कडक आहे हे क्षय मोजून कळते. या प्रयोगांत हवी ती घटना दिसणे हे निम्मेच काम असते. तिच्यासारखीच दिसणारी साधी घटना किती वेळा घडते, हे आधी माहीत असावे लागते.

पोटॅशियम-४० : हाताशी असलेले उदाहरण

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात पोटॅशची गोणी प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यातल्या पोटॅशियमचा ०.०११७ टक्के भाग पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १.२५ अब्ज वर्षे आहे. एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ क्षय होतात. खताच्या ५० किलोच्या गोणीत साधारण २५ किलो पोटॅशियम असते, म्हणजे सेकंदाला साडेसात लाखांहून अधिक क्षय. यात घाबरण्यासारखे काही नाही. माणसाच्या शरीरातल्या पोटॅशियममध्येही सेकंदाला काही हजार क्षय सतत होत असतात.

इतके दीर्घ आयुष्य कशामुळे, याचे उत्तर फिरकीत, म्हणजे केंद्रकाच्या अंगभूत कोनीय संवेगात आहे. पोटॅशियम-४० च्या केंद्रकाची फिरकी ४ आहे, तर ज्या कॅल्शियम-४० मध्ये त्याचे रूपांतर होते त्याची शून्य. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनोला हा चार एककांचा कोनीय संवेग वाहून न्यावा लागतो. ते शक्य आहे, पण त्याची संभाव्यता फार कमी. म्हणजे हा मार्ग पुरता बंद नाही, त्याला कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा अडथळा आहे. सुमारे ८९ टक्के क्षय या मार्गाने होतात. उरलेल्यांपैकी जवळपास सगळ्यांत केंद्रक स्वतःच्याच अणूतला इलेक्ट्रॉन गिळते आणि आरगॉन-४० च्या उत्तेजित स्थितीत जाते. तिची फिरकी २ असल्याने अडथळा कमी असतो. या स्थितीतून १,४६१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण बाहेर पडतो.

याशिवाय दोन फार दुर्मिळ मार्ग आहेत. हजारात सुमारे एक क्षय इलेक्ट्रॉन गिळून थेट आरगॉनच्या मूळ स्थितीत जातो. त्यात गॅमा किरण नसल्याने हा मार्ग कित्येक दशके फक्त अंदाजाने मांडला जात होता. केडीके या प्रयोगाने तो २०२३ मध्ये प्रत्यक्ष मोजून ०.१ टक्क्याच्या आसपास ठरवला. खडकांचे वय पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने काढताना हा आकडा लागतो, म्हणून खानदेशाखालच्या बेसाल्टचे वय काढणाऱ्या भूवैज्ञानिकालाही त्याच्याशी कर्तव्य आहे. दुसरा मार्ग पॉझिट्रॉनचा (इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणाचा), एक लाखात सुमारे एक.

प्रयोगशाळेतली मोजणी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ज्या महाविद्यालयांत पदव्युत्तर भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आणि सोडियम आयोडाइडचा गॅमा वर्णपटमापक आहे, तिथे १,४६१ चे शिखर पाहता येते. पद्धत सोपी आहे, पण तीन-चार ठिकाणी हमखास घसरते.

(पुढचे ऊर्जेचे आकडेही किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच आहेत.) आधी सीझियम-१३७ (६६२) आणि कोबाल्ट-६० (१,१७३ व १,३३२) या स्रोतांनी ऊर्जेची मोजपट्टी लावून घ्यावी. मग कोबाल्टचा स्रोत खोलीबाहेर न्यावा. तो जवळ राहिला तर १,३३२ चे रुंद शिखर शेजारच्या १,४६१ च्या पायथ्याशी मिसळते. शोधकाभोवती पाच सेंटिमीटर जाडीच्या शिशाच्या विटा रचाव्यात. या ऊर्जेचे किरण तेवढ्या शिशातून साधारण पाच टक्केच आरपार येतात. तरीही विटांच्या भिंतीतले आणि जमिनीतले पोटॅशियम हेच शिखर दाखवते, त्यामुळे नमुना नसतानाची मोजणी अनिवार्य आहे. ती मोकळ्या जागेची घेऊ नये. नमुन्याच्याच डब्यात तेवढ्याच उंचीपर्यंत साधे मीठ भरून घ्यावी. मिठात पोटॅशियम नसल्यात जमा असते आणि डबा भरलेला असल्याने तो बाहेरून येणारे किरण नमुन्याइतकेच अडवतो. रिकाम्या डब्याची वजाबाकी केली की उत्तर चुकते, आणि ते का चुकले हे वर्णपटात कुठेही दिसत नाही.

केळीच्या खांबाची किंवा सालींची राख मोजायची असेल तर तुलनेसाठी पोटॅशियम क्लोराइड आणि मीठ यांचे मिश्रण त्याच उंचीचे आणि शक्य तितक्या जवळच्या घनतेचे करावे. दाट नमुना स्वतःचेच किरण शोषतो आणि आकडा कमी येतो. राखेत वाळू मिसळली असेल तर थोरियम मालिकेतल्या ॲक्टिनियम-२२८ ची १,४५९ ची क्षीण रेषा पोटॅशियमच्या रेषेवर बसते. सोडियम आयोडाइडला दोन्ही वेगळ्या दिसत नाहीत. थोरियम आहे की नाही हे २,६१५ च्या शिखरावरून ताडून पाहावे.

सगळ्यात जास्त त्रास उन्हाळ्याचा. मे महिन्यात खोली तापली की स्फटिकाचा प्रकाश आणि तो प्रकाश टिपून मोठा करणाऱ्या प्रकाशगुणकाचे वर्धन दोन्ही बदलतात आणि शिखर वाहिन्यांवर (ऊर्जेच्या कप्प्यांवर) सरकू लागते. रात्रभर चाललेल्या मोजणीत पहाटेचे आणि संध्याकाळचे शिखर वेगवेगळ्या जागी पडले तर बेरजेत ते फुगीर दिसते. म्हणून एका लांब मोजणीऐवजी तासातासाचे तुकडे साठवावेत, प्रत्येक तुकड्याची मोजपट्टी त्यातल्याच एखाद्या ओळखीच्या शिखरावरून सुधारावी आणि मग बेरीज करावी. खोली रात्रभर बंद असेल तर रेडॉन वायू साचतो आणि त्यापासून बनणाऱ्या बिस्मथ-२१४ ची शिखरे वाढतात. नमुन्याची आणि मिठाची मोजणी आलटूनपालटून घेतली की हा फरक दोन्हीकडे सारखा वाटला जातो. नुसत्या गणनेतून एक टक्का अचूकता हवी असेल तर शिखरात दहा हजार गणना लागतात, आणि पार्श्वभूमी (नमुना नसतानाची गणना) वजा केल्यावर त्याहून अधिक.

पॉझिट्रॉनचा मार्ग मात्र याच उपकरणावर का सापडत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दिवसाला सुमारे २७ लाख क्षय होतात आणि पॉझिट्रॉन निघतात २७ च्या आसपास. पॉझिट्रॉन एखाद्या इलेक्ट्रॉनशी भेटून नष्ट होताना निघणारे ५११ चे दोन किरण दोन समोरासमोरच्या शोधकांत एकाच वेळी पकडायचे ठरवले, तरी १,४६१ चा किरण स्वतःच पदार्थात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी निर्माण करू शकतो. वैश्विक किरणही शिशात तेच करतात. या बनावट पॉझिट्रॉनचे ५११ आणि अस्सलचे ५११ यांत तिळाचाही फरक नसतो. जगातल्या मोठ्या प्रयोगांपुढची अडचण हीच असते, फक्त प्रमाण आणखी कित्येक पटींनी लहान असते.

समता आणि सीपी यांचा भंग

१९५६ मध्ये ली आणि यांग यांनी दाखवून दिले, की असे क्षय घडवणाऱ्या क्षीण आंतरक्रियेत समता टिकते याचा कोणताही पुरावा कोणी गोळा केलेलाच नाही. लगेच चिएन-शिउंग वू आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील सहकाऱ्यांनी कोबाल्ट-६० वर प्रयोग केला. सेरियम मॅग्नेशियम नायट्रेटच्या स्फटिकावर कोबाल्टचा पातळ थर चढवून तो निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ०.०१ अंशापर्यंत थंड केला, म्हणजे केंद्रकांच्या फिरक्या चुंबकी क्षेत्रात एका दिशेला लागतील. इलेक्ट्रॉन टिपण्यासाठी अँथ्रासीनचा छोटा स्फटिक निर्वात कक्षातच, स्रोताच्या दोनेक सेंटिमीटर वर होता. क्षेत्राची दिशा उलटवली की इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत होती. फिरकीच्या विरुद्ध दिशेला ते जास्त निघत.

या प्रयोगाची खरी ताकद त्याच्या पडताळणीत आहे. फिरक्या खरोखर एका दिशेला लागल्या आहेत का, हे गॅमा किरणांच्या असमान वितरणावरून वेगळे मोजले जात होते. ते वितरण क्षेत्राची दिशा उलटवली तरी बदलत नाही. काही मिनिटांत स्फटिक तापला की गॅमांची असमानता आणि इलेक्ट्रॉनांची असमानता दोन्ही बरोबरच नाहीशा होत. क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉनांचा मार्ग वाकला असेल ही शंका त्यामुळे उरली नाही, कारण क्षेत्र तर तसेच चालू होते. ली आणि यांग यांना १९५७ चे नोबेल मिळाले. वू यांना त्यात सामील केले नाही, ही त्या पुरस्काराच्या इतिहासातली मोठी उणीव आहे.

समता गेली तरी सी आणि पी एकत्र केल्यास सममिती टिकेल अशी आशा होती. १९६४ मध्ये ब्रुकहेव्हन येथे क्रिस्टेन्सन, क्रोनिन, फिच आणि टरले यांनी ती मोडीत काढली. दीर्घायुषी उदासीन केऑन या कणाने सीपी सममितीनुसार दोन पायॉनांत (केऑनपेक्षा हलक्या कणांत) फुटायला नको होते. त्यांना सुमारे २२,७०० क्षयांत अशा ४५ घटना सापडल्या, म्हणजे हजारात दोन. हवेतल्या केंद्रकांशी टक्कर होऊन दीर्घायुषी केऑनचा अल्पायुषी केऑन होऊ शकतो आणि तो सहज दोन पायॉन देतो. म्हणून क्षय होणाऱ्या जागेत हेलियमची पिशवी ठेवली होती. दोन पायॉनांचे एकत्रित वस्तुमान केऑनच्या ४९८ एमईव्हीशी (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) जुळते का आणि त्यांचा एकत्रित संवेग शलाकेच्याच (कणांच्या झोताच्या) दिशेला आहे का, या दोन कसोट्यांनी तीन कणांचे क्षय गाळले.

१९७३ मध्ये कोबायाशी आणि मास्कावा यांनी क्वार्कांच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांच्या घटकांच्या) तीन पिढ्या मानल्या तर हा भंग बसतो हे दाखवले. २००१ मध्ये अमेरिकेतील बाबार आणि जपानमधील बेले या प्रयोगांनी बी-मेसॉनांत (क्वार्क-प्रतिक्वार्कच्या एका प्रकारच्या जोडीत) तो मोजला. बेले आणि पुढच्या बेले-२ मध्ये भारतीय संस्थांचा सहभाग आहे. बेले-२ च्या सिलिकॉन शोधकाच्या एका थराची जबाबदारी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पेलली. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगात २०१९ मध्ये चार्म मेसॉनांत आणि २०२५ मध्ये बॅरिऑनांतही (तीन क्वार्कांच्या कणांतही) सीपी-भंग दिसला.

शंभर अब्जांत आठ : एनए६२

धनप्रभारित केऑनचा पायॉन आणि न्यूट्रिनो-प्रतिन्यूट्रिनो यांत होणारा क्षय सिद्धांतानुसार शंभर अब्जांत आठाच्या आसपास वेळा घडतो. सर्नच्या एनए६२ प्रयोगात शलाकेतून सेकंदाला सुमारे ७५ कोटी कण येतात, त्यांतले केऑन केवळ सहा टक्के. चेरेनकोव्ह शोधक (वेगवान कणाने माध्यमात सोडलेला प्रकाश टिपणारा) प्रत्येक केऑनवर वेळेची खूण करतो, सिलिकॉनचे पातळ पडदे त्याचा संवेग मोजतात आणि निर्वात नळीतले स्ट्रॉ शोधक पायॉनचा. न्यूट्रिनो दिसत नाहीत, म्हणून दोन्ही संवेगांच्या फरकातून हरवलेले वस्तुमान काढायचे.

केऑनचे ६३ टक्के क्षय म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) आणि न्यूट्रिनोत होतात, २१ टक्के दोन पायॉनांत. दोन्हींत एकच प्रभारित रेघ दिसते. म्यूऑनला तीन पातळ्यांवर अडवले जाते : निऑन वायूचा १७ मीटर लांबीचा चेरेनकोव्ह शोधक, ऊर्जा मोजणारा कॅलरीमापक आणि शेवटी म्यूऑनचा पडदा. उदासीन पायॉनचे फोटॉन पकडण्यासाठी नळीभोवती शोधकांची कडी आहेत. शिवाय प्रभारित पायॉनचा संवेग ४५ जीईव्हीपेक्षा (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) कमीच घ्यायचा, म्हणजे केऑनच्या ७५ पैकी किमान ३० जीईव्ही दुसरीकडे गेलेली असते आणि एवढ्या ऊर्जेचे फोटॉन निसटणे अवघड जाते. तरीही सगळ्यात चिवट पार्श्वभूमी उगमाकडून येते. एखादा केऑन आधीच फुटतो, त्याचा पायॉन पुढे येतो आणि त्याच क्षणी शेजारून जाणाऱ्या भलत्याच कणाशी त्याची जोडी लागते. त्यासाठी समांतरक (भरकटलेले कण अडवणारा अडसर) बदलावा लागला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात २०१६ ते २०२२ च्या माहितीतून ५१ घटना निघाल्या, त्यांतल्या अंदाजे १८ पार्श्वभूमीच्या. गुणोत्तर शंभर अब्जांत सुमारे १३ आले. अनिश्चिततेसह ते सिद्धांताशी विसंगत नाही.

फसवे निकाल

अशा प्रयोगांत निवडीचे निकष ठरेपर्यंत अपेक्षित जागेतली माहिती झाकून ठेवतात. तरी फसगत होते. जपानच्या कोटो प्रयोगात २०१६-१८ च्या माहितीत उदासीन केऑनच्या अशाच क्षयासारख्या घटना दिसल्या आणि मोठी चर्चा झाली. पुढे शलाकेत थोडे प्रभारित केऑन मिसळल्याचे आढळले आणि पार्श्वभूमीचा अंदाज वाढवावा लागला. एलएचसीबीने २०२१ मध्ये बी-मेसॉनांच्या म्यूऑन देणाऱ्या आणि इलेक्ट्रॉन देणाऱ्या क्षयांत तफावत मांडली होती. २०२२ अखेर ती मिटली, कारण काही हॅड्रॉन (क्वार्कांचे बनलेले कण) इलेक्ट्रॉन म्हणून मोजले जात होते. झेनॉन-१३६ चा न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय (ज्यात एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन निघतात, पण न्यूट्रिनो निघत नाहीत) शोधणाऱ्या कामलँड-झेनमध्ये नेमक्या नको त्या ऊर्जेजवळ शिखर उगवले. ते चांदी-११०एम चे निघाले. फुकुशिमा दुर्घटनेतून पसरलेली धूळ हा त्याचा एक संभाव्य स्रोत होता. झेनॉन शुद्ध करून पुन्हा मोजणी करावी लागली.

म्यूऑनच्या इलेक्ट्रॉन आणि गॅमा यांत होणाऱ्या क्षयाच्या शोधात (स्वित्झर्लंडमधील मेग) वेगळीच मर्यादा येते. दोन वेगवेगळ्या म्यूऑनांचे कण योगायोगाने एकत्र दिसण्याचे प्रमाण शलाकेच्या तीव्रतेच्या वर्गाने वाढते. त्यामुळे शलाका दुप्पट केली तर बनावट घटना चौपट. म्हणून तिथे स्पंदनांची नव्हे, सलग शलाका वापरतात. या क्षयाच्या प्रमाणाची २०२५ मधील वरची मर्यादा दहा हजार अब्जांत दीड.

प्रोटॉन क्षयाचा शोध भारतात कर्नाटकातील कोलार सोन्याच्या खाणीत १९८० पासून चालला. सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर १४० टन लोखंड आणि त्यात ३४ थरांत बसवलेले वायूचे गणक. काही घटना प्रोटॉन क्षयाच्या उमेदवार म्हणून मांडल्या गेल्या, पण वातावरणातले न्यूट्रिनो लोखंडात आदळूनही तसाच ठसा उमटवू शकतात. मोठ्या पाण्याच्या शोधकांत त्यांना दुजोरा मिळाला नाही. खोलीने म्यूऑन अडतात, न्यूट्रिनो अडत नाहीत. त्यामुळे पुढे वजन वाढवणे आणि कणांची ओळख सुधारणे एवढाच मार्ग राहिला. जपानच्या ५०,००० टन पाण्याच्या सुपर-कामिओकांदेने पॉझिट्रॉन-पायॉन मार्गासाठी प्रोटॉनचे आयुष्य २.४ गुणिले १० चा ३४ वा घात इतक्या वर्षांहून अधिक असल्याचे २०२० मध्ये दाखवले. त्याच्या कित्येक पट मोठा हायपर-कामिओकांदे जपानमध्येच उभा राहत आहे.