पास्ता एक, जिभा चार

उन्हाळी वाळवणात शेवया आणि कुरडया एकाच गच्चीवर वाळतात. दोन्ही गव्हाच्याच असल्या, तरी त्यांचा धागा अखंड ठेवणारा घटक मात्र दोन्हींत निराळा असतो. शेवईत हे काम गव्हातील प्रथिनांचे जाळे करते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून आणि गाळून त्याचा चीक काढतात. त्यात प्रथिनांचा बराचसा भाग चोथ्याबरोबर निघून जातो, आणि पुढे चीक शिजवल्यावर घट्ट होणारा स्टार्चच कुरडईला आकार देतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील घरांत या दोन्ही रीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि घरी पास्ता करायचा झाल्यास नेमक्या याच दोन रीती कामाला येतात. पास्ता हा आपल्याकडे परका पाहुणा समजला जातो, पण त्यामागचे पदार्थविज्ञान इथल्या सुगरणींच्या हाताला ठाऊक असलेलेच आहे.

घरोघरची खरी अडचण पास्ता करण्याची नसून तो सर्वांना रुचेल असा करण्याची आहे. लहान मुलाला तिखट सोसत नाही, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला काळ्या मसाल्याशिवाय जेवण फिके वाटते, आजोबांना कवळीमुळे मऊ हवे असते आणि घरात कोणाला तरी मधुमेह असतो. अशा घरात रोज चार पदार्थ रांधणे शक्य नाही आणि सर्वांनी एकाच चवीशी जुळवून घ्यावे ही अपेक्षाही न्याय्य नाही, कारण या आवडीनिवडींचा बराच भाग हट्टाचा नसून शरीररचनेचा असतो. पास्त्याच्या बाबतीत मात्र एक सोय आहे. त्याची स्वतःची चव अगदी सौम्य असते आणि त्याचे सारे वैशिष्ट्य दाताखाली जाणवणाऱ्या पोतात असते. त्यामुळे पोत सर्वांसाठी एकदाच नीट साधावा आणि चवीची फारकत शेवटच्या दहा मिनिटांत करावी, हा मार्ग मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतो.

पोताची सुरुवात गव्हाच्या जातीपासून होते. इटलीत १९६७ साली झालेल्या कायद्याने वाळवलेला पास्ता केवळ डुरम गव्हाचाच असावा असे ठरवले, आणि त्यामागे भक्कम कारण आहे. पोळीसाठी आपण वापरतो त्या लोकवनसारख्या गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रे असतात, तर डुरममध्ये २८. डुरममध्ये नसलेल्या गुणसूत्रांच्या संचावर कणकेला रबरासारखी लवचीकता देणाऱ्या काही ग्लुटेनिन प्रथिनांची जनुके असतात. म्हणून लोकवनची कणीक लाटली की आक्रसते, आणि डुरमची कणीक दिलेल्या आकारात स्वस्थ राहते. डुरमचा दाणाही इतका कठीण असतो की दळताना त्याचे पिठाऐवजी रवाळ कण होतात. आपल्याकडचा बन्सी गहू हा डुरमच. त्याचा पिवळसर रंग ल्युटिन या रंगद्रव्याचा असतो. बाजारातला प्रत्येक रवा डुरमचा असेलच असे नाही, म्हणून पाकिटावर किंवा दुकानदाराकडे खात्री करून घेणे बरे. खपली गहूही २८ गुणसूत्रांचाच आहे, परंतु त्याचे ग्लुटेन, म्हणजे कणकेतील प्रथिनांचे जाळे, दुबळे असल्याने त्याचा धागा लवकर तुटतो.

ग्लुटेन हे गव्हात तयार स्वरूपात नसते. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने पाणी पिऊन फुगतात आणि मळण्याच्या दाबाने एकमेकांत गुंततात, तेव्हा ते जाळे तयार होते. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते आणि ग्लुटेनिनमुळे ती ताण सोसते. या दोन गुणांचा तोल किती दूरवर नेता येतो याचा सर्वांत देखणा पुरावा म्हणजे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होणारे मांडे. वस्त्रगाळ सपिटी भरपूर पाण्यात सैल भिजवून, तिंबून तिंबून इतकी सुती केली जाते, की पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत झेलत खापराएवढा पसरतो आणि तरीही फाटत नाही. पिठातला कोंडा काढून टाकण्याचे कारणही तेच आहे, कारण कोंड्याचे टोकदार कण हे जाळे जागोजागी कापतात. चक्कीच्या न चाळलेल्या आट्याचा पास्ता उकळताना तुटतो तोही याच कारणाने.

पास्त्याची कणीक मात्र मांड्याच्या अगदी विरुद्ध टोकाची असते. पोळीसाठी १०० ग्रॅम पिठाला ६० ते ७० मिलिलिटर पाणी लागते, तर हाताने करायच्या पास्त्याला ५० मिलिलिटरच्या आतबाहेर पुरते. चौघांच्या जेवणासाठी ३०० ग्रॅम बारीक बन्सी रवा, १०० ग्रॅम चाळलेले गव्हाचे पीठ आणि साधारण २०० मिलिलिटर कोमट पाणी घ्यावे. पहिल्या पाच मिनिटांत हे मिश्रण भुसभुशीत राहते आणि त्यात आणखी पाणी घालण्याचा मोह होतो; तो आवरला पाहिजे. रव्याच्या कणांत पाणी हळूहळू शिरते, म्हणून गोळा ओल्या कापडाखाली अर्धा तास झाकून ठेवला की तोच गोळा बोटाखाली गुळगुळीत लागू लागतो. या वेळात पाणी सर्वत्र सारखे पसरते आणि मळताना ताणले गेलेले प्रथिनांचे धागे सैलावतात. नंतर तो लाटून पट्ट्या कापाव्यात किंवा शेवयांच्या हातयंत्रातून काढावा. अंडे चालणाऱ्या घरात पाण्याऐवजी १०० ग्रॅम पिठाला एक अंडे घेतात. शिजताना अंड्यातील प्रथिने गोठतात आणि साध्या गव्हाच्या पिठालाही बळकटी देतात.

वाळवून ठेवण्याचा विचार असेल, तर खान्देशचा उन्हाळा एकाच वेळी उपकारक आणि धोक्याचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी असते. अशा हवेत धाग्याचा पृष्ठभाग झटकन वाळून आक्रसतो, आतला गाभा ओलाच राहतो, आणि तो मागाहून वाळताना आतबाहेरच्या ताणामुळे केसासारख्या चिरा पडतात. असा पास्ता डब्यात शाबूत दिसतो आणि उकळत्या पाण्यात पडताच त्याचे तुकडे होतात. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात पूर्वी पास्ता थोडा वाळवून मग दमट जागी विसावू देत आणि पुन्हा वाळवत, म्हणजे गाभ्यातील ओल सावकाश बाहेर यायला वेळ मिळे. आपणही उन्हाऐवजी सावलीत, पातळ कापडाखाली, दोन टप्प्यांत वाळवावे. अंडे घातलेला पास्ता मात्र घरी वाळवू नये. साल्मोनेला जिवाणूंचा धोका असल्याने तो ताजाच शिजवावा किंवा फ्रीझरमध्ये ठेवावा.

उकळत्या पाण्यात पडल्यावर धाग्याच्या आत एक शर्यत सुरू होते. गव्हाच्या स्टार्चचे कण साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सियसला पाणी शोषून फुगू लागतात, आणि ग्लुटेनचे जाळे त्याहून थोड्या अधिक तापमानाला गोठून पक्के होते. जाळे मजबूत असेल तर फुगलेले कण त्यात अडकून राहतात आणि धागा दाताखाली घट्टसर लागतो. जाळे कमकुवत असेल तर कण फुटून स्टार्च पाण्यात उतरतो आणि पास्ता चिकट लगदा होतो. ही शर्यत डोळ्यांनी पाहता येते. शिजत असलेला वाळवलेल्या पास्त्याचा धागा काढून सुरीने आडवा कापला, तर मध्यभागी खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो. तो म्हणजे पाणी न पोहोचलेला स्टार्च. दर मिनिटाला एक धागा कापत गेले की ठिपका लहान होत जातो, आणि तो टाचणीच्या टोकाएवढा उरला की पास्ता उतरवावा. ताज्या पास्त्याला दोन ते चार मिनिटे पुरतात, वाळवलेल्याला आठ ते बारा.

जेवणाऱ्यांची पहिली फारकत इथेच, भांड्यातून काढण्याच्या वेळेतच होते. मधुमेह असणाऱ्याचा वाटा ठिपका असतानाच काढावा, कारण घट्ट जाळ्यात अडकलेल्या स्टार्चपर्यंत पाचक विकरे सावकाश पोहोचतात आणि त्यामुळे पास्ता खाल्ल्यावर रक्तातील साखर पांढऱ्या पावापेक्षा संथपणे वाढते. अर्थात ताटातले प्रमाण महत्त्वाचे राहतेच, आणि सोबत डाळ किंवा भाजी असावीच. आजोबांचा वाटा आणखी तीन-चार मिनिटे शिजू द्यावा. पाण्यात तेल घालण्याची पद्धत सोडून द्यावी असे मी आग्रहाने सांगेन. ते पाण्यावर तरंगते, उतरताना पास्त्याला माखते आणि मग रस्सा त्यावर ठरत नाही. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटे ढवळणे पुरेसे असते. उतरवलेले ढगाळ पाणी वाटीभर बाजूला ठेवावे, कारण त्यातील स्टार्च तेल आणि पाणी यांना एकजीव करतो.

आता चवीकडे वळू. तिखटपणा ही शास्त्रीयदृष्ट्या चव नसून वेदनेची एक संवेदना आहे. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य टीआरपीव्ही-१ नावाच्या चेतातंतूंवरील ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते, आणि हाच ग्राहक सुमारे ४३ अंशांवरच्या उष्णतेनेही जागा होतो. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो शोधला आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गरमागरम रस्सा कोमट रश्शापेक्षा अधिक झणझणीत लागतो, त्याचे कारण हे आहे. वारंवार तिखट खाणाऱ्यांमध्ये ही संवेदना बोथट होत जाते, म्हणून शेवभाजीवर वाढलेल्या माणसाला जे बेताचे वाटते ते लहान मुलाला खरोखरच भाजल्यासारखे जाणवते. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणूनच तोंड भाजल्यावर पाण्याचा उपयोग होत नाही, दुधाचा होतो, कारण दुधातील केसीन प्रथिन हे द्रव्य वेढून वाहून नेते.

याच गुणधर्मातून स्वयंपाकाची रीत ठरते. एकदा मिरची रश्शात उकळली की ती मुलाच्या ताटापुरती बाहेर काढता येत नाही. तर्री मात्र वेगळी करता येते. कांदा आणि लसूण परतून टोमॅटोचा बिनतिखट रस्सा सर्वांसाठी एकच करावा. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असते, आणि किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ओळखलेली उमामी ही चव त्यातून येते, त्यामुळे मिरचीशिवायही रस्सा पोकळ लागत नाही. दुसऱ्या कढल्यात तेल तापवून, आच बंद करून त्यात लाल तिखट आणि भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा काळा मसाला घालावा. तेलाचा रंग क्षणात गडद होतो; हीच तर्री ज्याने त्याने चमच्याने आपल्या ताटात घ्यावी. मुलासाठी त्याच रश्शात लोणी आणि किसलेले चीज मिसळता येते. दूध घालायचे असल्यास ते टोमॅटोच्या आंबटपणाने फाटू नये म्हणून पास्त्याचे राखून ठेवलेले पाणी आधी घालावे.

टोमॅटो नको असलेल्यांसाठी भरीत हा उत्तम पर्याय आहे. भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरताचे वांगे विस्तवावर भाजले की त्याचा गर मऊ आणि धुरकट होतो. त्यात हिरवी मिरची, लसूण आणि शेंगदाण्याचे कूट घालून थोडे पास्त्याचे पाणी फेटले, की तो गर रुंद पट्ट्यांना छान लपेटतो. वयोमानाने जिभेपेक्षा नाकाची शक्ती अधिक क्षीण होते, म्हणून ज्येष्ठांना जेवण अळणी वाटू लागते आणि हात मिठाकडे जातो. मीठ वाढवण्याऐवजी असा धुराचा, लसणाचा वास वाढवणे रक्तदाबाच्या दृष्टीनेही हिताचे असते.

मुलांच्या नकाराविषयी थोडे सबुरीने घ्यावे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या अन्नाची भीती सर्वाधिक असते, आणि तीच चव दहा-पंधरा वेळा, बळजबरी न करता, थोडी थोडी पुढे आली की बरीच मुले ती स्वीकारतात. काही नकार मात्र जन्मजात असतात. १९३१ साली आर्थर फॉक्स यांना आढळले, की पीटीसी हे रसायन काहींना अत्यंत कडू लागते तर काहींना त्याची चवच लागत नाही. पुढे हा फरक टीएएस२आर३८ या जनुकाशी जोडला गेला. कोबी आणि मुळा यांतील कडवटपणाही याच जनुकामुळे कोणाला कमी, कोणाला जास्त जाणवतो. त्यामुळे एका भावाला पास्त्यातला कोबी आवडतो आणि दुसऱ्याला तो गिळवत नाही, यात लाड किंवा खोड शोधू नये.

घरात कोणाला सीलिॲक विकार (ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर गव्हाचा मार्ग पूर्ण बंद होतो, आणि खपली किंवा बन्सीही त्यांना चालत नाहीत. इथे कुरडईची रीत उपयोगी पडते. ज्वारीच्या प्रथिनांना जाळे विणता येत नाही, म्हणून स्टार्चलाच बांधणीचे काम द्यावे लागते. उकळत्या पाण्यात ज्वारीचे पीठ घालून, झाकून उकड काढावी, गरम असतानाच मळून सोऱ्यातून पाडावी, वाफवावी आणि पूर्ण निवू द्यावी. निवताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जवळ येऊन धागा घट्ट होतो. कळण्याचे (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले) पीठ घेतल्यास त्यातील उडदाचा चिकटपणा मदतीला येतो. मात्र ज्या गिरणीत गहू दळतात तिथेच ज्वारी दळली, तर गव्हाचे पीठ त्यात मिसळतेच. ग्लुटेनमुक्त अन्नाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम इतकी बारीक आहे, म्हणून अशा घरात दळण वेगळ्या घरघंटीवर व्हावे, आणि चाळणी, सोऱ्या व उकळायचे पाणीही वेगळे असावे.

उरलेला पास्ता रात्रभर ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही टिकतात आणि उन्हाळ्यातल्या खान्देशी घराचे तापमान त्यांच्या वाढीला अगदी पोषक असते. दोन तासांच्या आत तो पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. थंड झाल्यावर त्यातील काही स्टार्च पचनाला कठीण अशा रूपात जातो, म्हणून दुसऱ्या दिवशी धागे कडक आणि सुटे दिसतात. फोडणी देऊन पाण्याचा हबका मारला आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ आणली, की ते पुन्हा मऊ होतात.