जोखीम नोंदवही

प्रकल्पात पुढे घडू शकेल अशा प्रत्येक अनिश्चित गोष्टीची स्वतंत्र नोंद करून तिचा शेवटपर्यंत माग ठेवण्याचे साधन. कार्यालयांत आणि बांधकामाच्या साइटवर तिला सर्रास ‘रिस्क रजिस्टर’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती एक्सेलची एक शीट असते. मोठ्या प्रकल्पांत त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर वापरतात. ‘प्रिन्स-२’ या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या ब्रिटिश पद्धतीत तिचे नाव आधी ‘रिस्क लॉग’ होते, २००९ च्या आवृत्तीपासून ते ‘रिस्क रजिस्टर’ झाले.

आयएसओ ३१००० या जोखीम-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात जोखमीची व्याख्या ‘उद्दिष्टांवर होणारा अनिश्चिततेचा परिणाम’ अशी आहे. हा परिणाम चांगलाही असू शकतो, म्हणून नोंदवहीत संधीही लिहाव्यात असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात संधीच्या ओळी क्वचितच दिसतात. मराठीत ‘जोखीम’ शब्दाला आणखी एक जुना अर्थ आहे. अंगावर जोखीम घेऊन प्रवास करू नये, असे म्हणताना दागिने आणि रोकड अभिप्रेत असते, म्हणजे कुणाच्या तरी हवाली असलेली मौल्यवान वस्तू. नोंदवहीतल्या जोखमीलाही असा सांभाळणारा लागतो.

नोंदीची खरी परीक्षा तिच्या वाक्यात होते. खाडीवरच्या पुलाच्या कामात नुसते ‘पाऊस’ असे लिहिले, तर त्यातून कुणालाच काही करता येत नाही. कोकणात जुलैत पाऊस पडणार हे ठरलेलेच आहे. ती जोखीम नव्हे, वेळापत्रकात आधीच धरायची गोष्ट आहे. नोंद अशी हवी : ‘परवानगी उशिरा मिळाल्याने पायलिंग (पायाचे खांब जमिनीत रोवण्याचे काम) एप्रिलमध्ये सुरू झाले आहे, मॉन्सून वेळेआधी आला तर खाडीतले काम अर्धवट थांबेल आणि खांब पावसाळ्यानंतरच उभे राहतील.’ यातले कारण घडून गेलेले आहे, घटना अनिश्चित आहे आणि परिणाम मोजता येण्याजोगा आहे. हे तीन भाग वेगळे केले की उपाय कुठे करायचा तेही दिसते. घटना प्रत्यक्ष घडली की ती जोखीम राहत नाही, समस्या होते आणि समस्यांच्या यादीत जाते.

वाक्यापुढे शक्यता, परिणाम, उपाय, धोक्याची पूर्वखूण आणि जबाबदार व्यक्ती असे रकाने असतात. जबाबदार म्हणून एकाच माणसाचे नाव लिहावे. ‘साइट टीम’ असे लिहिलेली ओळ बहुधा बेवारशी राहते. उपाय ढोबळमानाने चार : जोखीम टाळणे, तिची तीव्रता कमी करणे, विमा किंवा कंत्राटातून ती दुसऱ्यावर सोपवणे, नाहीतर जाणूनबुजून पत्करणे. उपायातूनच नवी जोखीम निघाली, तर तिला वेगळा क्रमांक देतात.

शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करण्याची रीत सर्वत्र आहे, पण ती फसवी आहे. क्वचित घडणारा जीवघेणा अपघात (१ × ५) आणि रोजची किरकोळ कटकट (५ × १) तिच्यात सारख्याच ठरतात. अशा तक्त्यांचे गणिती दोष जोखीम-विश्लेषक लुई अँथनी कॉक्स यांनी २००८ मध्ये सविस्तर दाखवले. पैशांत मोजता येत असेल तर सरळ हिशेब बरा : ५० लाखांच्या नुकसानीची शक्यता २० टक्के, तर आकस्मिक निधीत त्या ओळीसाठी १० लाख. अर्थात टक्केवारी कुणी आणि कशावरून काढली, हा प्रश्न उरतोच.

नोंद असूनही माग सुटतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण म्हणजे ‘चॅलेंजर’ अंतराळयान. त्याच्या घन-इंधन रॉकेटच्या सांध्यांतील रबरी ओ-रिंगांचा (सांधा घट्ट बंद ठेवणाऱ्या कड्यांचा) धोका नासाला माहीत होता. डिसेंबर १९८२ मध्ये हा सांधा सर्वांत गंभीर वर्गात टाकला गेला, म्हणजे तो निकामी झाल्यास यान आणि माणसे दोन्ही गमावावी लागतील आणि दुसरा आधार नाही. १९८५ च्या उन्हाळ्यात त्यावरून उड्डाणांवर निर्बंधही आला; मात्र पुढच्या प्रत्येक उड्डाणासाठी तो शिथिल करण्यात आला. २३ जानेवारी १९८६ रोजी या समस्येच्या नोंदींपुढे ती बंद झाल्याचा शेरा पडला, सांध्याची रचना मात्र तीच होती. पाच दिवसांनी, २८ जानेवारीच्या थंड सकाळी, यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला. चौकशी आयोगातील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना आढळले, की यान गमावण्याची शक्यता प्रत्यक्ष काम करणारे अभियंते सुमारे १०० त १ धरत होते, तर व्यवस्थापन १,००,००० त १.

म्हणून ओळ बंद करण्याचेही नियम असतात. धोक्याचा काळ उलटला, कारणच दूर झाले किंवा घटना घडून गेली, तरच ती बंद करायची आणि शेजारी तारीख, कारण व मंजुरी देणाऱ्याचे नाव लिहायचे. उघड्या ओळींचा आढावा दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला घेतात. बंद ओळी खोडत नाहीत. पुढच्या पुलाची पहिली यादी बहुधा त्यांच्यावरूनच तयार होते.