बास्केटबॉल : व्यायाम व प्राथमिक कौशल्ये

पाच-पाच खेळाडूंच्या दोन संघांनी उंचावरच्या कड्यात चेंडू टाकून गुण मिळवण्याचा हा खेळ जन्मालाच आला तो व्यायामासाठी. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड (मॅसॅच्युसेट्स) येथील वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेतले विद्यार्थी हिवाळ्यात बंद व्यायामशाळेतल्या त्याच त्या कवायतींना कंटाळत. त्यांच्यासाठी छपराखाली खेळता येईल असा खेळ शोधायचे काम जेम्स नेस्मिथ या शिक्षकांवर आले. डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि फुटबॉलचा चेंडू घेऊन खेळ सुरू केला. कठडा दहा फुटांवर होता. आजचे कडेही तेवढ्याच, म्हणजे ३.०५ मी. उंचीवर असते.

धक्काबुक्की टाळण्यासाठी नेस्मिथ यांनी चेंडू हातात घेऊन धावण्यास बंदी केली. लक्ष्य डोक्यावर आणि आडवे ठेवले, म्हणजे चेंडू जोरात मारून भागत नाही, कमानीने टाकावा लागतो. पुढची बहुतेक कौशल्ये या दोन निर्णयांतून निघाली.

नवशिका मैदानात उतरताच बास्केट करू पाहतो. खरी सुरुवात मात्र पायांपासून व्हायला हवी. गुडघे किंचित वाकवून, पाय खांद्यांइतके फाकवून, वजन पायांच्या चवड्यांवर ठेवणे ही मूळ ठेवण. पास, बचाव, उडी सारे तिच्यातूनच होते. धावताना अचानक थांबणे आणि पिव्होट, म्हणजे एक पाय जमिनीवर रोवून दुसऱ्याने वळणे, हे आधी चेंडूशिवाय घोटावे. रोवलेला पाय घसरला किंवा चेंडू घेऊन जास्त पावले पडली की ट्रॅव्हलिंग होते व चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

ड्रिबल मूळ १३ नियमांत नव्हताच. चेंडू घेऊन धावता येत नाही, तेव्हा तो जमिनीवर टप्पे देत न्यायचा, ही युक्ती खेळाडूंनी पुढे काढली. चेंडू तळहाताने थोपटू नये. बोटांनी खाली ढकलावा, टप्पा कमरेपेक्षा खाली ठेवावा आणि नजर समोर असावी. डावखुऱ्याने उजव्या व इतरांनी डाव्या हाताचा सराव पहिल्या दिवसापासून केला नाही, तर ती उणीव वर्षानुवर्षे राहते. एकदा दोन्ही हातांनी चेंडू धरला की पुन्हा टप्पे देता येत नाहीत.

शूटिंगमध्ये, म्हणजे कड्यात चेंडू टाकताना, जोर पायांतून येतो. हात दिशा देतो. कोपर चेंडूखाली, दुसरा हात बाजूला नुसता आधाराला आणि शेवटी मनगटाची लचक, म्हणजे चेंडू उलटा फिरत वर जातो. कड्यामागच्या फलकापासून ४.६ मी. दूर असलेल्या फ्री थ्रो (नियमभंगाबद्दल मिळणारी बिनअडथळ्याची फेक) रेषेवरून सुरुवात करू नये. कड्याजवळ पद्धत बसली की एकेक पाऊल मागे सरकावे. उजव्या बाजूच्या ले-अपमध्ये, म्हणजे धावत येऊन कड्याजवळ उडी घेत चेंडू टाकताना, आधी उजवे, मग डावे पाऊल टाकून डाव्या पायावर उडी घ्यायची.

या खेळातला व्यायाम एका लयीचा नसतो. आखूड धाव, उडी, बाजूला सरकणे, क्षणभर उसंत, पुन्हा धाव. त्यामुळे दम आणि स्फोटक ताकद दोन्ही लागतात. नुसते शूटिंग केले तर विश्रांतीच्या सुमारे साडेचारपट ऊर्जा खर्च होते, सामन्यात सुमारे आठपट. सर्वांत जास्त मुरगळतो तो घोटा, बहुधा दुसऱ्याच्या पायावर उतरल्याने. म्हणून उडीनंतर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरणे हेही कौशल्य म्हणूनच शिकवावे.

पुरुष ७ क्रमांकाचा, स्त्रिया ६ क्रमांकाचा चेंडू वापरतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ५ क्रमांकाचा चेंडू आणि २.६० मी. उंचीचे कडे द्यावे; मोठ्यांच्या चेंडूने मूल खांद्यावरून फेकायला शिकते आणि ती खोड नंतर मोडणे कठीण जाते.

पूर्ण मैदान २८ × १५ मी. असते, पण शिकायला तेवढे लागत नाही. मुंबईतील नागपाड्यासारख्या दाट वस्तीतून भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर घडले. एका कड्यावर, अर्ध्या मैदानात खेळला जाणारा तीन विरुद्ध तीन हा प्रकार टोकियो ऑलिंपिकपासून (२०२१ मध्ये झालेले) पदकाचा खेळ आहे. त्यात सामना १० मिनिटांचा असतो, किंवा त्याआधी एखाद्या संघाचे २१ गुण होताच तो संपतो.