पंपाचा दांडा काढला म्हणून कॉलरा थांबला?

डॉ. जॉन स्नो यांनी लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि कॉलरा थांबला, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा मात्र वेगळंच बोलतात. साथ भडकली ३१ ऑगस्ट १८५४ ला, दांडा निघाला ८ सप्टेंबरला. तोवर बहुतेक रहिवासी पळाले होते, मृत्यूही घटले होते. हे खुद्द स्नोंनीच लिहून ठेवलंय! कॉलरा या पंपाच्या पाण्यातूनच पसरला, याचा त्यांचा भक्कम पुरावा होता दूरच्या हॅम्पस्टेड उपनगरात. तिथल्या एका विधवेला याच पंपाचं पाणी आवडायचं. रोज गाडीतून बाटली यायची. ती कॉलऱ्याने गेली. तिच्याकडे आलेली नातलग तेच पाणी पिऊन इझलिंग्टनला परतली आणि तिथे दगावली. दोन्ही ठिकाणी तेव्हा कॉलरा नव्हताच.