तत्त्व आणि परिणाम (राजकीय विचारांच्या मूल्यमापनाचे निकष)

एखादी विचारसरणी तिच्या ध्येयावरून जोखावी, की ती अमलात आल्यावर लोकांच्या पदरात काय पडले यावरून, याविषयीचा राज्यशास्त्रातील वाद. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९१९ मध्ये म्यूनिक येथील व्याख्यानात निष्ठेची नीती (परिणामांची पर्वा न करता तत्त्वाला धरून राहणे) आणि जबाबदारीची नीती (कृतीच्या परिणामांचे उत्तरदायित्व घेणे) असा भेद केला. पाठ्यपुस्तके बहुधा तेथूनच आरंभ करतात. पुणे जिल्ह्यात मात्र हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी जमाबंदीच्या (जमीनमहसूल ठरवण्याच्या) दफ्तरात उभा राहिला होता.

पेशवाईच्या अस्तानंतर, १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ब्रिटिश अधिकारी आर. के. प्रिंगल यांनी जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. त्यांचे शिक्षण इंग्लंडमधील हेलिबरी येथे, अर्थशास्त्रज्ञ माल्थस शिकवीत असलेल्या कॉलेजात झाले होते. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांचा खंडाचा (जमिनीच्या भाड्याचा) सिद्धांत त्यांनी आधाराला घेतला : पिकाच्या किमतीतून मशागतीचा खर्च आणि रास्त नफा वजा जाता उरते ते निव्वळ उत्पन्न; सरकारने त्यातूनच हिस्सा घेतला तर शेतीला झळ लागत नाही. हा हिस्सा ५५ टक्के ठरला. कागदावर याहून न्याय्य आकारणी सापडणे कठीण. नवे दर १८३० च्या सुमारास लागू झाले. इंदापूर तालुक्यात थकबाकी साचली, जमिनी पडीक राहिल्या आणि कुळांनी गावे सोडली.

अपयश सिद्धांताचे की अंमलबजावणीचे, यावर मतभेद आहेत. मोजणीतील चुका, कारकुनांची लाचलुचपत आणि उतरलेले धान्यभाव यांवर बोट ठेवणारे सिद्धांताला दोषमुक्त करतात. इतिहासकार एरिक स्टोक्स यांनी मात्र उपयुक्ततावादी (अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक हित हा निकष मानणाऱ्या) विचारांचा कारभारावरील प्रभाव अधोरेखित केला आहे. शेताशेताचा मशागतखर्च अचूक काढणे ही सिद्धांताचीच अट होती. ती पुरी करता येत नसेल तर दोष केवळ कारकुनांवर ढकलता येत नाही, हे मत अधिक ग्राह्य दिसते. गोल्डस्मिड व विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५-३६ पासून इंदापुरात फेरमोजणी केली, तेव्हा त्यांनी हा हिशेबच सोडून दिला. जमिनीची प्रत आण्यांत लावायची, पूर्वीचा वसूल, हवामान व बाजारपेठेचे अंतर पाहून दर बसवायचा आणि तो ३० वर्षे कायम ठेवायचा, अशी ही पद्धत होती. सर्व्हे नंबर ही तिचीच देणगी.

करारस्वातंत्र्याच्या (दोन पक्षांच्या करारात सरकारने दखल देऊ नये या) तत्त्वाचीही अशीच परीक्षा झाली. १८५५ मध्ये व्याजावरील कायदेशीर मर्यादा उठल्या. दावा लावण्याची मुदत ठरवणाऱ्या १८५९ च्या कायद्याने जुन्या दाव्यांपासून ऋणकोला संरक्षण मिळावे, ही अपेक्षा होती, घडले उलटे. मुदत संपण्याआधी सावकार खत (कर्जरोखा) बदलून घेई. दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने काढलेले १०० रुपये तीन वर्षांनी नव्या खतात १७२ रुपये मुद्दल होऊन बसत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला, खते जाळली गेली; असे दंगे इतरत्रही झाले. या दंग्यांच्या चौकशी आयोगाचा भर कर्जबाजारीपणावर व सावकारीवर होता. पुणे सार्वजनिक सभेने वाढीव साऱ्याला (जमीनमहसुलाला) जबाबदार धरले. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांच्या मते या दंग्यांचे महत्त्वच फुगवले गेले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. मग सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले.

या १८७९ च्या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून काम केलेल्या महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात अर्थशास्त्राचे नियम देशकालनिरपेक्ष नसतात, असे मांडले. मुक्त व्यापाराचे तत्त्व इंग्लंडला मानवले म्हणून ते हिंदुस्थानात तसेच लागू करता येत नाही, हा त्याचा इत्यर्थ. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये निराळाच निकष वापरला : सरकारी नियम कोणत्या सरकारी नोकरांच्या हातून गावात पोचतो, हे ते आधी पाहतात.