सुरुंग न लावता स्विमिंग पूल फोडायचा तर: त्या पावडरीची पार्श्वभूमी

अलिबागपासून मालवणपर्यंत आता रिसॉर्ट किंवा जरा बरा होमस्टे म्हटला की मागे पूल असतोच, पण ही काही फार जुनी गोष्ट नाही. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ ला, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला, मग मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी यायला लागली आणि त्यांना समुद्र समोर असताना सुद्धा पूल हवा असतो, म्हणून लोकांनी जांभ्यात खड्डे काढून, सळया बांधून, काँक्रीट ओतून टाक्या केल्या आणि वर निळ्या टाइल्स लावल्या. आता त्यातल्या काही काढायची वेळ आलीये. कुणाकडे एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते आणि पूल भरायला टँकर मागवावा लागतो, कुणाकडे लहान मुलं आहेत म्हणून भीती वाटते, कुणाचं बांधकाम सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांत, अडकलंय. आणि मग प्रश्न येतो की फोडायचा कसा, कारण चार हातांवर शेजाऱ्याचा चिऱ्याचा गडगा असतो आणि पलीकडे पिण्याच्या पाण्याची विहीर.

तेव्हा कुणीतरी सांगतं, केमिकल टाकून फोडा, काँक्रीटमध्ये होल मारायचे आणि त्यात पाण्यात कालवलेली पावडर ओतायची, आवाज नाही काही नाही. लोकांना वाटतं हे काहीतरी ॲसिड असणार. तसं नाहीये. ही पावडर बहुतांशी चुना आहे, आपला कळीचा चुनाच, फक्त खूप जास्त भाजलेला, आणि त्यात काही गोष्टी मिसळलेल्या. म्हणून मला ही पार्श्वभूमी लिहावीशी वाटली, कारण चुना कोकणाला नवीन नाही.

आपल्याकडे खाडीतले शिंपले भाजून चुना करायचे. भाजलेली कळी पाण्यात टाकली की ती तडतडते, वाफ येते, पाणी उकळायला लागतं आणि कळी फुगून फुटते. जुने गवंडी हा चुना कितीतरी दिवस भिजत ठेवायचे, गाळायचे, मळायचे आणि मगच वापरायचे, कारण एखादा कण आत न भिजता राहिला तर तो भिंतीत गेल्यावर सावकाश भिजतो, फुगतो आणि गिलाव्याला फोड येऊन तुकडा उडतो. म्हणजे चुन्याचं हे फुगणं गवंड्याच्या दृष्टीने दोषच होता, आणि सगळी मेहनत तो दोष मारण्यासाठी होती.

सिमेंट आलं तरी हे दुखणं संपलं नाही. भट्टीत जास्त भाजलेला सुटा चुना सिमेंटमध्ये राहिला तर तो महिन्यांनी सुद्धा फुगू शकतो. ते तपासायला ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाचा एक छोटा पितळी साचा असतो, त्याला दोन लांब सुया, आत सिमेंटचा लगदा भरून उकळायचं आणि सुयांची टोकं किती फाकली ते मोजायचं. आपल्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला १० मिमीची मर्यादा आहे, त्याच्या वर गेलं की ते सिमेंट नापास. तिकडे युरोपात १८९० च्या सुमारास कांदलो आणि मिखाएलिस या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की सल्फेटमुळे सुद्धा सिमेंटमध्ये फुगणारे स्फटिक तयार होतात, आणि मिखाएलिसने तर त्याला सिमेंटचा बॅसिलस म्हटलं, म्हणजे रोगाचा जंतू.

हे सगळं उलटं फिरायला चाळीसेक वर्षं गेली. फ्रान्समध्ये हेन्री लोसिए नावाच्या इंजिनिअरने मुद्दाम फुगणारं सिमेंट करायचा प्रयत्न केला, काँक्रीट वाळताना आकसतं ते भरून निघावं म्हणून. मग अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात अलेक्झांडर क्लाइनने १९५० च्या दशकात त्याला वळण लावलं, आज ज्याला टाइप के सिमेंट म्हणतात त्यातला के त्याचाच. पण हे सगळे थोडंसं फुगवण्याच्या मागे होते, तडा जाऊ नये म्हणून. तडा जावा म्हणून फुगवायचं, ही कल्पना बाजारात आली ती जपानमधून, १९७० च्या दशकाच्या शेवटी, ओनोडा सिमेंटने ब्रिस्टार नावाने पावडर काढली. ओनोडा ही १८८१ सालची जुनी सिमेंट कंपनी, म्हणजे ज्यांनी हयातभर सिमेंट फुगू नये म्हणून काळजी घेतली त्यांनीच हे केलं, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. जपानमध्ये वस्ती दाट, भिंतीला भिंत लागून, तिथे स्फोट करणार कुठे, त्यामुळे गरजही तिथलीच होती. पुढे इतर कंपन्यांच्या पावडरी आल्या आणि आता आपल्याकडेही मिळतात.

काम कसं चालतं ते साधं आहे. चुन्याने पाणी घेतलं की त्याचं घनफळ जवळपास दुप्पट होतं. मोकळ्यावर झालं तर नुसता ढीग, पण ३५-४० मिमीच्या होलमध्ये कोंडलं तर जायला जागा नाही, मग दाब ३० मेगापास्कलच्या वर जातो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलोपेक्षा जास्त. काँक्रीट दाबून फुटत नाही सहज, पण ताणायला गेलं तर दोन-चार मेगापास्कलमध्येच जातं, आणि होल आतून फुगला की भोवतीचं काँक्रीट ताणलंच जातं. लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतून खडक फोडायची पद्धत जगभर फार पूर्वीपासून आहे, तत्त्व तेच, इथे पाचरीच्या जागी चुना. जास्त का भाजायचा, तर साधी कळी लगेच भडकते, ओतायच्या आधीच काम तमाम. कडक भाजलेली सावकाश पाणी घेते, तासनतास.

आता सुरुंगाचं बघा. किहीमला नीरव मोदीचा बंगला पाडायचा होता, सीआरझेडचं उल्लंघन म्हणून, तेव्हा आधी मशीन लावली होती पण बांधकाम इतकं भक्कम की काम सरकेना, शेवटी ८ मार्च २०१९ ला होल मारून, स्फोटकं भरून उडवला. तो बंगला आपल्या जागेत एकटा होता, सरकारी यंत्रणा उभी होती, म्हणून जमलं. घरामागच्या पुलाला हे कोण करणार? स्फोटकांवर १८८४ चा कायदा आहे, २००८ चे नियम आहेत, नागपूरच्या पेसोचं, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, लायसन लागतं, माणूस परवानाधारक लागतो. पोकलेनचा ब्रेकर लावला तर लायसन नको, पण त्याचे हादरे जांभ्याच्या जुन्या भिंतीला आणि विहिरीच्या कठड्याला सोसत नाहीत, आणि वाडीतल्या पाणंदीत पोकलेन शिरतच नाही ती गोष्ट वेगळीच.

पण म्हणून पूर्ण पूल पावडरने फोडा असं मी सांगणार नाही, इथे लोक फसतात. पुलाचा तळ साधारण २० सेंटिमीटर जाड, त्यात होल मारला तर खोली जेमतेम १५-१६ सेंटिमीटर, एवढ्या उथळ होलमध्ये पावडर बाजूला दाबण्याऐवजी वरच निघून येते. तळ हातातल्या ब्रेकरने फोडायचा. भिंतीला मात्र वरून, जाडीच्या बरोबर मधून खाली होल मारायचे, साधारण वीस-तीस सेंटिमीटरवर एक. जांभ्याच्या बाजूला भिंतीला जायला जागा नाही पण पुलाच्या आतली बाजू मोकळी आहे, त्यामुळे आतला पापुद्रा तिकडे सुटतो. संध्याकाळी ओतलं असेल तर सकाळी एका होलकडून दुसऱ्याकडे केसासारखी रेघ गेलेली दिसते, मग दुपारपर्यंत त्यात रुपयाचं नाणं जाईल एवढी होते आणि टाइल्स एकेक करून सुटायला लागतात. सळया मात्र तशाच, पावडर लोखंडाला काही करत नाही, त्या ग्राइंडरने किंवा गॅस कटरने कापाव्याच लागतात. पावडरचा खरा उपयोग जाड भागात, पंपाच्या पायात, बॅलन्सिंग टँकच्या, म्हणजे पुलातून ओसंडणारं पाणी साठवणाऱ्या टाकीच्या, कोपऱ्यात.

आणि क्रम महत्त्वाचा. पूल पावसाळ्यात रिकामा करून ठेवू नका. ८ मीटर लांब, ४ रुंद, दीड खोल असा पूल धरा, २० सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट, वजन साधारण ३४ टन. जुलैमध्ये जांभ्यातलं पाणी काठापर्यंत चढलं तर ते खालून ४८ टनांपेक्षा जास्त जोराने उचलतं, म्हणजे टाकी सरळ वर येते, पाइप तुटतात, शेजारची फरशी उखडते. म्हणून आधी तळाला मोठी भोकं पाडायची, पाण्याला वाट द्यायची, मग भिंतींकडे वळायचं. पुढे सगळं उचललं नाही आणि नुसता भराव टाकला तरी ती भोकं लागतातच, नाहीतर त्या जागी कायमची दलदल.

आपल्या हवेत सगळ्यात मोठा धोका उन्हाचा आहे. पावडरचे तापमानाप्रमाणे वेगवेगळे ग्रेड येतात, थंडीचा ग्रेड मे महिन्यात वापरला तर चुना भडकतो, होलमध्ये पाण्याची वाफ होते आणि सगळं बंदुकीच्या गोळीसारखं वर उडतं, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. त्यामुळे गार पाणी, संध्याकाळची वेळ, ५ किलोच्या पिशवीला साधारण दीड लिटर, कालवल्यावर दहा मिनिटांच्या आत ओतून मोकळं व्हायचं, डोळ्याला गॉगल, हातात रबरी मोजे, आणि ओतल्यावर होलमध्ये वाकून बघायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी. उरलेलं बादलीत किंवा बाटलीत ठेवायचं नाही. काँक्रीट उन्हात तापलं असेल तर आधी पाणी मारून निववायचं, पण होलमध्ये पाणी साचू द्यायचं नाही.

शेवटी उरतो तो चुन्याचा चिखल आणि राडारोडा. चुन्याचं पाणी तीव्र अल्कधर्मी, पीएच १२ च्या वर, ते पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडलं तर मासे मरतात आणि विहिरीकडे उतार असेल तर पाणी खराब होतं, कारण जांभा सच्छिद्र आहे, वरचं खाली जायला वेळ लागत नाही. पांढरा चिखल सुकवून राडारोड्याबरोबर उचलायचा. राडारोड्यासाठी २०१६ पासून वेगळे नियम आहेत, तो खाडीच्या काठाला किंवा कांदळवनात ओतणं हा गुन्हा आहे, त्यामुळे ठेकेदाराशी बोलताना ट्रक कुठे खाली होणार हे आधी ठरवून लिहून घ्यायचं आणि मगच पहिला होल मारायचा.