दहापैकी सहा म्हणजे नेमकं काय?

वजाबाकीच्या चाचणीत दोन मुलांना दहापैकी सहा गुण मिळाले. एकाच्या वहीत ५२ − ३७ चं उत्तर २५ आहे आणि ८४ − २९ चं ६५. दुसऱ्याने एका ठिकाणी गणित उतरवतानाच ६ चा ९ केला आहे, दुसऱ्या ठिकाणी वजाबाकीऐवजी बेरीज केली आहे. गुणांच्या यादीत दोघं एका ओळीत येतात. पण पहिल्या मुलाची एकही चूक घाईगडबडीची नाही. २ मधून ७ जात नाहीत, मग तो ७ मधून २ घालवतो. अंक वर असो की खाली, लहान अंक मोठ्यातून वजा करायचा हा त्याचा नियम आहे आणि तो तो अगदी प्रामाणिकपणे पाळतो. चाचणीतली सहा गणितं बिनहातच्याची निघाली, म्हणून त्याला सहा गुण मिळाले. हातच्याची वजाबाकी त्याला मुळीच येत नाही.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली नेमका हाच धागा पकडला. मुलांच्या चुकलेल्या वजाबाक्या तपासल्यावर त्यांना दिसलं, की पुष्कळशा चुका ठरावीक चुकीच्या रीतीतून येतात आणि ती रीत कळली तर मूल पुढच्या गणिताचं काय उत्तर देईल हेही सांगता येतं. ५०३ − २४८ चं उत्तर ३५५ आलं, तर मुलाने शून्याचे नऊ केले, पण शतकाच्या घरातून एक कमी करायचा राहिला. यावर त्यांनी भावी शिक्षकांसाठी संगणकावर एक खेळ बनवला. संगणक एखाद्या चुकीच्या रीतीने गणितं सोडवणार आणि शिक्षकाने त्याला नवनवी गणितं घालून ती रीत ओळखायची. शिक्षक-प्रशिक्षणात अशा सरावाला आजही मोठी जागा हवी, असं मला मनापासून वाटतं. प्रगतीवर लक्ष ठेवायचं तर आधी चूक वाचता यायला हवी.

दुसरा प्रश्न येतो तो किती वेळा बघायचं हा. सहामाहीला कळलं की मूल मागे पडलंय, तर तोवर निम्मं वर्ष गेलेलं असतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो यांनी १९७० च्या दशकात यावर एक अगदी साधी पद्धत बसवली. मुलाला त्याच्या पातळीचा उतारा एक मिनिट मोठ्याने वाचायला द्यायचा, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे आणि तो आकडा आलेखावर मांडायचा. दर आठवड्याला उतारा नवा, पण तेवढ्याच काठिण्याचा. एका मिनिटात काय कळणार, अशी शंका येणं साहजिक आहे. पण अक्षर-अक्षर जुळवण्यात ज्याचं सगळं लक्ष खर्च होतं, त्याच्याकडे अर्थ लावायला फारसं काही उरत नाही. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत हा वेग आणि आकलन बरेचसे हातात हात घालून चालतात. मात्र मुलांकडून नुसता वेगच घोटून घेतला, तर आकडा वाढतो आणि त्यातला अर्थ निघून जातो.

एका आठवड्याचा आकडा मात्र फारसा बोलत नाही. मूल थकलेलं असेल, उतारा अनोळखी विषयावरचा असेल. त्यासाठी आलेखावर आधीच एक अपेक्षित रेषा आखलेली असते, आणि सलग चार नोंदी तिच्याखाली गेल्या की शिकवण्याची पद्धत बदलायची असा नियम रूढ आहे. ‘शिकवण्याची’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. आलेख सपाट झाला तर दोष मुलाला लावायचा नसतो.

लिन आणि डग्लस फुक्स या शिक्षण-संशोधकांनी १९८६ मध्ये अशा नियमित नोंदींवरचे २१ अभ्यास एकत्र तपासले. त्यातले बहुतेक शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांवरचे होते. सरासरी परिणाम प्रमाण विचलनाच्या ०.७० पट निघाला. म्हणजे शंभरांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल जवळजवळ वरच्या पंचवीसांपर्यंत पोचावं, इतका. त्याहून बोलका आकडा आत दडला होता. कधी काय बदलायचं याचा नियम आधी ठरवला होता तिथे परिणाम ०.९१ होता; शिक्षकाच्या अंदाजावर सोडलं होतं तिथे ०.४२. नोंदवह्या भरून कपाटात ठेवल्याने कुणाचं वाचन सुधारत नाही, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे आकड्यांत क्वचितच दिसते.

मुलाला काय सांगायचं, हेही तितकंच नाजूक आहे. संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना काय जमलं नि काय सुधारायचं याचा शेरा, तर काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांना मात्र नुसत्या गुणवाल्यांप्रमाणेच हा फायदा झाला नाही. गुण दिसले की नजर तिथेच थांबते.

रोजच्या तासात सगळ्यात हाताशी असलेलं साधन म्हणजे प्रश्न. संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती ऐकल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तरी हात वर करणाऱ्या चौघांवरून अख्ख्या वर्गाचा अंदाज बांधणं धोक्याचंच. प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरलं, तर सगळा वर्ग एका नजरेत वाचता येतो.

प्रश्न मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. ०.४५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती? ‘०.४५’ म्हणणारं मूल ४५ आणि ६ यांची तुलना करतंय, हे लगेच कळतं. पण ‘०.६’ लिहिणाऱ्यांपैकी काहींच्या मनात ‘दशांश चिन्हानंतर जितके अंक जास्त, तितकी संख्या लहान’ असं बसलेलं असतं. त्यांचं उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर येतं. म्हणून लगेच ०.८५ आणि ०.६ विचारायचं. पहिल्या प्रश्नात अडकलेलं मूल इथे सुटतं आणि पहिल्यात चुकीच्या कारणाने सुटलेलं अडकतं. पहिल्या गटासोबत स्थानिक किमतीपासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्या गटाला शतांश हा दशांशाहून लहान असतो हे ठाऊक असतं. असे ८५ शतांश एकत्र आले की ६ दशांशांहून जास्त होतात, हे त्यांना शंभर चौकटींच्या कागदावर रंगवून दाखवावं लागतं.